कंपनीच्या ॲपला लोकेशन किती द्यायचं?

विजापूर_रोडकर :

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समध्ये आहे. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा, कधी बार्शी अशी लाइन असते. दिवाळीनंतर ऑफिसने हजेरीचं ॲप आणलं. पहिल्या दुकानात पोचलो की सेल्फी काढून पंच-इन, संध्याकाळी पंच-आउट. इथपर्यंत काही तक्रार नाही, उलट टीए-डीएचा हिशेब सोपा झाला. पण ॲप टाकताना त्यांनी प्रत्येकाचा फोन हातात घेऊन लोकेशन 'अलाऊ ऑल द टाइम' करून दिलं.

मागच्या सोमवारी मॅनेजर सहज म्हणाले, "काल दुपारी दवाखान्यात होता काय? सगळं ठीक आहे ना?" माणूस चांगला आहे, काळजीनेच विचारलं. पण मी आणि मिसेस ज्या डॉक्टरांकडे गेलो होतो, ते आम्ही आईलासुद्धा अजून सांगितलेलं नाही. पंच-आउट शनिवारीच झालं होतं. रविवारी त्यांना नकाशावर माझा ठिपका दिसत होता.

नोकरी सोडायची नाही, भांडायचंही नाही. ड्यूटीत खुशाल बघा. ड्यूटी संपल्यावर ते बघणं बंद कसं करायचं, एवढंच सांगा. फोन माझा स्वतःचा आहे, हप्ते मीच भरतोय. अँड्रॉइड १३ आहे.

पुण्यातला_सोलापूरकर :

मालक, तुमचं काम सेटिंगमध्ये होण्यासारखं आहे. मी अँड्रॉइडवरच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेटिंग्ज, लोकेशन, ॲप लोकेशन परमिशन्स असं आत जा. तिथं ॲप्सचे गट दिसतील: सतत परवानगी असलेली, फक्त वापरताना असलेली, आणि परवानगी नसलेली. तुमचं हजेरीचं ॲप पहिल्या गटात असेल. त्यावर बोट ठेवा आणि 'अलाऊ ओन्ली व्हाइल यूझिंग द ॲप' करा.

आता ऑफिस म्हणेल, "मग स्क्रीन बंद झाली की ट्रॅकिंग थांबेल." थांबत नाही. हे नीट समजून घ्या, कारण तुम्हाला तिथं हेच सांगावं लागणार आहे. ॲप उघडं असताना तुम्ही पंच-इन केलं आणि ॲपने वर नोटिफिकेशन पट्टीत 'ट्रॅकिंग सुरू आहे' अशी सूचना लावली, तर फोन खिशात गेला तरी त्याला लोकेशन मिळत राहतं, तेही 'वापरताना' याच परवानगीवर. मॅप्सवर रस्ता लावून फोन खिशात टाकला तरी ती बाई "उजवीकडे वळा" सांगत राहते ना, तेच तंत्र. म्हणजे दिवसभराच्या ड्यूटीसाठी 'ऑल द टाइम' लागतच नाही. ते लागतं तुम्ही ॲप उघडलेलं नसतानाही, तुमच्या नकळत लोकेशन घ्यायचं असेल तर.

आणि म्हणूनच अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, ॲपने परवानगी मागितली की येणाऱ्या चौकटीत 'ऑल द टाइम' हा पर्यायच नसतो. माणसाने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन तो निवडावा लागतो. दोनदा विचार व्हावा म्हणून मुद्दाम तशी आडवाट ठेवली आहे. तुमच्या ऑफिसने फोन हातात घेऊन ती आडवाट तुमच्या वतीने चालून टाकली.

पंच-आउट केल्यावर वरची सूचना जाते का बघा. गेली नाही, तर वरची पट्टी पूर्ण खाली ओढा. अँड्रॉइड १३ मध्ये तळाशी चालू ॲप्सचा आकडा दिसतो, त्यावर दाबलं की 'स्टॉप' मिळतं. खात्री करायची असेल तर प्रायव्हसीमध्ये जाऊन प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडा (हा अँड्रॉइड १२ पासून आहे). कोणत्या ॲपने किती वाजता लोकेशन, कॅमेरा, माइक घेतला ते घड्याळासकट दिसतं. येत्या रविवारी रात्री ते उघडा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बार्शी_नाका :

एवढं कशाला? फेक जीपीएसचं ॲप टाका, रविवारभर ठिपका घरातच ठेवा. आमच्या लाइनचे दोघंतिघं तेच करायलेत.

गोळ्या_औषधं_फिरती :

हे अजिबात करू नका. मी एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) आहे, या सगळ्यातून गेलेलो आहे. फेक लोकेशनसाठी फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स चालू करून मॉक लोकेशन निवडावं लागतं, आणि हजेरीची बरीचशी ॲप्स तेच आधी तपासतात. सापडलात की "हा माणूस फसवतो" असा शिक्का बसतो, आणि मग तुमची खरी तक्रार कुणी ऐकत नाही. त्यांची बाजू खरी आहे, त्यांनी सरळच जावं.

माझा उपाय सांगतो. फोन अँड्रॉइड असेल तर वर्क प्रोफाइल बघा. ऑफिसची ॲप्स वेगळ्या कप्प्यात बसतात, त्यांच्यावर छोट्या ब्रीफकेसची खूण येते. संध्याकाळी तो कप्पा 'पॉज' केला की त्यातली सगळी ॲप्स झोपतात: ना लोकेशन, ना नोटिफिकेशन. आमच्या कंपनीने स्वतःच तसं करून दिलं. रात्री साडेआठला डॉक्टरांच्या वेटिंग रूममधून बाहेर पडलो की मी पॉज दाबतो आणि घरी जातो. लहान फर्मकडे ही सोय बहुधा नसते, पण विचारायला काय हरकत आहे? नाहीतर ऑफिसने वेगळा साधा फोन द्यावा. तो संध्याकाळी टेबलावर ठेवून निघायचं. सगळ्यात स्वच्छ मार्ग तोच.

मागवाला :

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, माल पोचवायला दोन टेम्पो आहेत. मलाबी माल कुठं पोचला ते कळायला लागतं. पार्टी फोन करती, "कुठंय गाडी?" काय सांगायचं त्यास्नी? पण मी जीपीएस टेम्पोला बसवलाय, ड्रायव्हरला नाही. गाडी शेडमधी लागली की आमचा संबंध संपला. तो नंतर कुठं जातोय, कुणाला भेटतोय, ते बगून मला काय करायचंय? आणि खरं सांगतो, बगत बसलं तर मालकाचंच डोकं फिरतं. संशय वाढतो, हातात काय पडत नाही.

सेल्सवाल्याला गाडी कंपनीची नसती, हे मान्य. पण मग वेळ तरी ठरवा की. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, बास.

नवी_पेठ_वकील :

कायद्याचं थोडं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. त्यानंतर संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. म्हणजे आज लगेच त्या कायद्याखाली नोटीस काढा असा सल्ला मी देणार नाही.

शिवाय त्यातली एक गोष्ट नोकरदारांनी ओळखून असावी. कलम ७ मध्ये काही कामांसाठी संमतीशिवाय माहिती वापरता येते, आणि त्यात 'नोकरीच्या कारणासाठी' हे एक कारण आहे. म्हणून "मी संमती दिली नाही" एवढ्यावर विसंबू नका. तुमचा खरा मुद्दा 'कारण' हा आहे. मोहोळच्या दुकानात तुम्ही किती वाजता पोचलात हे नोकरीचं कारण. रविवारी दुपारी पती-पत्नी कोणत्या दवाखान्यात होते, हे नोकरीच्या कारणात बसवून दाखवणं कुठल्याही मालकाला अवघड जाईल, असं माझं मत.

यावरून एक निकाल आठवतो. अमली पदार्थांच्या एका खटल्यात जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने अट घातली होती की आरोपीने गूगल मॅप्सवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसेल असं ठेवावं. ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठाने ती अट रद्द केली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट खासगीपणाच्या हक्कावर घाला आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. तो निकाल सरकारी यंत्रणेबद्दल आहे, तुमच्या फर्मला तो थेट लागू होत नाही. पण जामिनावर सुटलेल्या आरोपीला जेवढी मोकळीक आहे, तेवढी रविवारी घरी असलेल्या सेल्समनला असावी, हे मॅनेजरला सांगायला काय हरकत?

लेखी द्या, सभ्य भाषेत. तीन गोष्टी विचारा: ट्रॅकिंग कोणत्या वेळेत चालतं, नकाशा कोणाकोणाला दिसतो, आणि जुना साठा किती दिवस ठेवतात.

सावली :

इथे सगळे ऑफिसबद्दल बोलताय, मला घरातल्या फोनबद्दल लिहायचंय.

मॅप्समध्ये उजवीकडे वर आपला फोटो असतो. त्यावर दाबून 'लोकेशन शेअरिंग' उघडा. कुणाच्या नावासमोर 'बंद करेपर्यंत' असं लिहिलेलं आहे का बघा. दोन मिनिटं फोन हातात मिळाला की कुणीही हे चालू करून ठेवू शकतं, आणि नंतर ते महिनोन्महिने चालू राहतं. माझ्या मैत्रिणीच्या फोनवर तिच्या दिराचं नाव सापडलं. तिला पत्ताच नव्हता. ती साखर पेठेत माहेरी किती वेळ बसली, हे घरी पोचायच्या आत तिच्या सासरी माहीत असायचं, आणि ती बिचारी शेजारणींवर संशय घेत होती.

एवढंच तपासून थांबू नका. व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, लाइव्ह लोकेशन बघा. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी कॉम्प्युटर आहे का बघा, नाहीतर सगळे मेसेज दुसरीकडे वाचले जातात. गूगल खात्यात 'युअर डिव्हाइसेस' बघा. फोनच्या सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये आणि डिव्हाइस ॲडमिन ॲप्समध्ये 'सिस्टम सर्व्हिस' अशा साळसूद नावाचं, तुम्ही न टाकलेलं काही असेल तर तेही संशयास्पद समजा. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट बंद केलेलं असेल तर ते कुणीतरी बंद केलंय.

आता माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. घरात मारहाण, धमकी असेल तर हे लगेच बंद करू नका. ठिपका गायब झाला की समोरच्याला त्याच क्षणी कळतं, आणि राग तुमच्यावर निघतो. आधी विश्वासातल्या माणसाला सांगा, जायचं कुठं ते ठरवा. महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणीबाणीत ११२. सेटिंग नंतरही बदलता येईल, तुमचा जीव आधी.

विजापूर_रोडकर :

सावलीताई, तुमचा प्रतिसाद मिसेसला वाचून दाखवला. तिने तिच्या दोन्ही बहिणींना पाठवला.

पूर्वभाग :

ताईंच्या यादीत मी कर्जाच्या ॲपची भर घालतो. आमच्याकडे अशोक चौक, कन्ना चौकाच्या बाजूला कारखान्यात खाडे झाले की आठवड्याचा पगार तुटतो, आणि मग पोरं फोनवरून झटपट कर्ज काढतात. ॲप टाकताना कॉन्टॅक्ट, फोटो, लोकेशन सगळं मागतं, आणि 'अलाऊ, अलाऊ' करत माणूस पुढं जातो. हप्ता चुकला की फोनमधल्या प्रत्येक नंबरला मेसेज. आमच्या गल्लीतल्या एका विडी कामगार बाईच्या मुकादमालाही मेसेज गेला, मुलाने घेतलेल्या कर्जासाठी. ती माउली आठ दिवस विड्या द्यायला कारखान्यात गेली नाही, लाजेनं.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांत लिहून ठेवलंय की कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइल्स, कॉन्टॅक्ट, कॉल लॉगला हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त एकदाच, केवायसीपुरतं, तेही स्पष्ट विचारून. ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरनेही कर्जाच्या ॲप्सना फोटो आणि कॉन्टॅक्ट घ्यायला बंदी केली. म्हणून जे ॲप कॉन्टॅक्ट मागतं ते नियम मोडून धंदा करतंय, असं धरून चाला. लिंकवरून आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) तर उघडूच नका. त्रास सुरू झाला असेल तर १९३० वर फोन करा, मेसेजचे स्क्रीनशॉट पुसू नका.

पुण्यातला_सोलापूरकर :

पूर्वभाग, फार मोलाचं लिहिलंत.

परवानगी देताना मी एकच बघतो: ॲपचं काम काय आणि ते मागतंय काय. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपला मी कुठं उभा आहे ते कळायलाच हवं, 'वापरताना' द्या. हवामानाच्या ॲपला सात रस्ता की आसरा चौक याने काय फरक पडतो? अँड्रॉइड १२ पासून 'अचूक लोकेशन' बंद करता येतं. मग ॲपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा भाग कळतो, घर नाही. आयफोनला ही सोय २०२० मध्ये आयओएस १४ पासून आहे. टॉर्च, कॅल्क्युलेटर, कीबोर्ड, पत्त्यांचे खेळ यांना काहीही द्यायची गरज नाही. बंद केल्यावर कुरकुर करणारं कॅल्क्युलेटर काढून टाका, दुसरी शेकडो आहेत.

गूगलचं वेगळं. 'टाइमलाइन' म्हणजे पूर्वीची लोकेशन हिस्टरी. ती बंद केली तरी 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' चालू असेल तर लोकेशनच्या नोंदी होत राहायच्या, हे असोसिएटेड प्रेसने २०१८ मध्ये दाखवून दिलं. त्यावरून अमेरिकेतल्या ४० राज्यांनी चौकशी केली आणि २०२२ मध्ये गूगलने ३९.१५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. २०२४ पासून टाइमलाइनचा साठा गूगलच्या सर्व्हरऐवजी आपल्या फोनवर ठेवायला सुरुवात झाली, ही सुधारणा चांगली आहे. तरी दोन्ही खटके वेगवेगळे तपासा, आणि जुनं आपोआप पुसायला ३ महिन्यांची मुदत लावा.

'लोकेशन' पूर्ण बंद केलं की आपण अदृश्य झालो, असं मात्र समजू नका. सिम चालू आहे तोवर कंपनीला कोणत्या टॉवरखाली आहात ते कळतंच.

माळरान :

नान्नजच्या बाजूला पक्षी-प्राणी बघायला जाणाऱ्यांसाठी. फोटोत लोकेशन लपलेलं असतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती गळून जाते. पण क्वालिटी टिकावी म्हणून तोच फोटो 'डॉक्युमेंट' करून पाठवला की अक्षांश-रेखांश जसेच्या तसे समोरच्याकडे जातात. आमचे लोक नेमकं हेच करतात, कारण फोटोचा शार्पनेस त्यांना जिवापाड असतो.

लांडग्याच्या घळीचा एक फोटो असा ग्रुपमध्ये फिरला, आणि आठवड्याच्या आत तिथं चारचाकींच्या चाकोऱ्या पडलेल्या. गवत चेपलेलं, बिस्किटांचे पुडे. मादी पिल्लं उचलून निघून गेलेली. माळढोकाच्या बाबतीत तर विचारच नको. १९७९ पासून अभयारण्य असूनही त्याचं दर्शन दुर्मीळ झालंय. आयनॅचरलिस्टसारख्या साइटवर धोक्यातल्या प्रजातीचं ठिकाण आपोआप धूसर होतं, साधारण २० ते २२ किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो. फोनला हे शहाणपण नाही, ते आपण करायचं. माळावर जायच्या आधी लोकेशन टॅग बंद करा.

हाच नियम लहान मुलांच्या, घराच्या अंगणातल्या फोटोंनाही लावा.

विजापूर_रोडकर :

मंडळी, सांगायला आलोय. रविवारी डॅशबोर्ड बघितला, हजेरीचं ॲप पहाटेपासून रात्रीपर्यंत दर थोड्या वेळाने लोकेशन घेत होतं. त्याचा स्क्रीनशॉट आणि वकीलसाहेबांनी सांगितलेल्या तीन गोष्टी एका कागदावर लिहून मॅनेजरना दिल्या. दवाखान्याचं काही काढलं नाही. पुणेकरांनी सांगितलं तसं परमिशन 'वापरताना' करून, त्यांच्यासमोर पंच-इन केलं, फोन खिशात ठेवून नवी पेठेतून पार्क चौकापर्यंत चक्कर मारून आलो. त्यांच्या स्क्रीनवर सगळा रस्ता उमटला होता.

त्यांनी ॲपवाल्यांना फोन लावला. त्यांच्या बाजूला शिफ्टची वेळ भरायची जागा आहे, ती कुणी भरलीच नव्हती, म्हणून चोवीस तास चालू होतं. आता नऊ ते सात भरलंय, सगळ्या लाइनवाल्यांसाठी. आमच्यात दोन मुली आहेत, त्या जास्त खूश झाल्या. त्यांचं घर कुठं, क्लास कुठं, हे सगळं कुणाच्या तरी स्क्रीनवर दिसत होतं, याचा विचार मी आधी केला नव्हता. जुना साठा पुसण्याबद्दल अजून उत्तर नाही. मागे लागणार आहे.

नवी_पेठ_वकील :

उत्तम. साठ्याबद्दलचं उत्तरही लेखी घ्या, निदान ई-मेलवर.

बाळीवेसकाकू :

मुलांनो, सगळं वाचलं. एक शंका आहे. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, नातवंडं येणार, होम मैदानावरची गर्दी तुम्हाला माहीत आहे. धाकटा हात सोडून पळतो, मोठीकडे आता स्वतःचा फोन आहे. सून म्हणते लाइव्ह लोकेशन लावू. वरचं वाचून वाटलं, लावावं की नको?

पुण्यातला_सोलापूरकर :

काकू, बिनधास्त लावा. ते तुम्हा सगळ्यांना माहीत असतं, मोठीला विचारून लावलेलं असतं, आणि आपोआप संपतं. व्हॉट्सॲपमध्ये १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय येतात. गड्ड्याला एक तास लावा, लागला तर पुन्हा वाढवा. फॅमिली ग्रुपवर नको, तिथं दूरचेही असतात. फक्त सूनबाई आणि मोठी यांच्यात ठेवा.

पण त्यावर विसंबू नका. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण तो ठिपका दुसऱ्या फोनवर पोचवायला लागतं, आणि यात्रेत नेटवर्क कोंडतं. मग नकाशावर जुनीच जागा दिसत राहते आणि माणसं तिथं शोधत बसतात. ठिपक्याखाली किती वेळापूर्वीचं आहे ते लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. आत शिरायच्या आधी सगळ्यांना एक जागा दाखवून ठेवा, उंच पाळण्यासारखी लांबून दिसणारी, "चुकलो तर इथं यायचं" म्हणून. आणि धाकट्याच्या खिशात चिठ्ठी, त्यावर फक्त दोन मोबाइल नंबर. घरचा पत्ता लिहू नका.